धोवणावरचा खेळ

यंदा होळीच्या आधीच टँकर सुरू झाले. बीडला आमच्या कॉलनीत पाण्याचा दिवस कुणालाच सांगता येत नाही. टँकरचा भोंगा ऐकू आला की हातातलं काम टाकून सगळ्या बायका पाइप धरायला पळतात. मीही पळते. म्हणजे पळत होते. परवा फाटकापर्यंत जाईतो छातीत असं काही भरून आलं की पाइप शेजारणीच्या हातात देऊन मी पायरीवरच बसले. तिने आरडाओरडा करून माझ्या नवऱ्याला बोलावलं आणि त्याने संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने छातीला वायरी चिकटवल्या आणि सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. पट्टा हळूहळू जोर धरत गेला आणि मी दांडीला लोंबकळायला लागले. उतरवल्यावर तो म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही, तुमचं हृदय फक्त आळशी झालंय. रोज घाम निघेल असं काहीतरी करा. जोरात चाला, सायकल चालवा, दोरीवरच्या उड्या मारा, पोहा. पोहा म्हणाला, बरं का! बीडमध्ये, ऐन उन्हाळ्यात. मला हसू आलं. मग कागदावर लिहिता लिहिता त्याने विचारलं, लहानपणी कधी काही खेळलात का? मी नाही म्हणाले.

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. कारण मी खोखो खेळलेली आहे, आणि साधंसुधं नाही, राज्यापर्यंत गेलेली. ज्या सरकारी कचेरीत बसून बसून माझं हृदय आळसावलं, तिथली माझी खुर्चीसुद्धा खेळाडूंच्या राखीव जागेवरची. घरी येताना नवरा म्हणाला, लोक गल्लीतल्या क्रिकेटचं कौतुक आयुष्यभर सांगत फिरतात, आणि तू अशी. त्याला काय सांगू? खोखो म्हटलं की मला कप-ढाली आठवत नाहीत, म्हैस आठवते.

आमचं गाव लिंबागणेशच्या पलीकडे, डोंगराला पाठ लावून बसलेलं. बाबा तिथल्या शाळेत मास्तर. मी सांगते त्या वर्षी पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला होता. माघापासूनच विहिरीच्या तळाला जे उरलं होतं त्याला पाणी म्हणायची लाज वाटायची. टँकर यायचा आणि पाणी विहिरीत सोडायचा, मग पोहऱ्यांची ही झुंबड, ही शिवीगाळ, आणि घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज दुपारभर. त्या उन्हाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. तापलेल्या पत्र्याचा, वाळल्या शेणाचा, आणि कोरड्या रांजणाच्या आत असतो तसला मातकट, थंड वास. मी लहान भावाला रांजणात डोकं घालून गाणं म्हणायला लावायची. आवाज मस्त घुमायचा, आणि आई आतून ओरडायची, कारण रिकामा रांजण वाजलेला तिला आवडत नसे.

उसाचं पाणी आटलं म्हणून साखर कारखान्यांचा हंगाम लवकर गुंडाळला. तोडीला गेलेली घरं लवकर परतली आणि गावात पोरीच पोरी दिसायला लागल्या. त्यांच्याकडे बघून शाळेतल्या खेळाच्या सरांच्या मनात मुलींचा खोखोचा संघ काढायचं आलं. सर नवीन होते, परभणीकडचे, अंगाने काटक आणि स्वतः जिल्ह्याला खेळलेले. ते म्हणायचे, या पोरी दिवसभर मोळ्या वाहतात, यांच्याएवढा दम कुणात आहे? त्यांना फक्त वळायला शिकवायचं आहे. माझ्यासारखी मास्तराची लेक त्यात कशी बसली कुणास ठाऊक. पण मी वळायची झकास, आणि सरांनी मला कर्णधार केलं.

मैदान म्हणजे दूध संस्थेच्या पाठची पडीक जागा. दगड वेचले, बाभळीचे दोन खुंट पुरले, फक्कीने पाट्या आखल्या. पण जमीन भाजलेल्या विटेसारखी. खोखोला जमीन जराशी तरी मऊ लागते. सूर मारायचा असतो, खुंटाला लोंबकळून अंग झोकून द्यायचं असतं, आणि आमच्याकडे नुसतं गुडघा टेकला तरी कातडं निघायचं. पाणी मारल्याशिवाय खेळ नाही, आणि गावात प्यायला पाणी नाही. सर दोन दिवस विचार करत फिरले. मग एक दिवस ते संस्थेत गेले.

संस्थेत कौसामावशी कॅन धुवायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, दावणीला एक म्हैस, तिचं नाव चंद्री. मावशी तोंडाने अशी फाटकी की चेअरमनसुद्धा तिच्यापुढे जपून बोलायचा. कॅन धुण्याची मजुरी नावापुरती, पण गावात एक रीत होती, की जी कॅन धुईल तिचं धोवण. रिकामे कॅन दूधगाडीतून परत आले की आधी साध्या पाण्याने विसळायचे. ते पहिलं पाणी दुधाळ. त्यात मूठभर भरडा टाकला की चंद्री नाकापर्यंत तोंड बुडवायची आणि बादली चाटून पुसून काढायची. मग दुसरं पाणी सोड्याचं, गरम. त्याने मावशीच्या हातांची सालं निघायची. ते नालीत जायचं. गावाला टँकर येवो न येवो, संस्थेला कॅनपुरतं पाणी मिळायचंच, कारण कॅन घाण राहिले तर सगळ्या गावाचं दूध नासणार.

सरांनी मागितलं ते दुसरं पाणी. कुणाच्या कामाचं नाही, ते घेण्यात पाप नाही, असा त्यांचा विचार. आम्ही बादल्या भरभरून सोड्याचं पाणी मैदानावर मारलं. धूळ बसली, जमिनीवर पांढरी खपली धरली, आणि आम्ही खुशीत खेळायला लागलो. पहिल्याच दिवशी शमाने सूर मारला. शमा म्हणजे माझी जोडीदारीण, पिंजाऱ्याची, खुंटावर तिच्यासारखी दुसरी नाही. तिचा गुडघा सोलवटला आणि त्या जखमेत सोडा गेला. ती अशी काही किंचाळली की संस्थेत दूध घालायला आलेली माणसं बाहेर आली. त्यांच्या मागून ओल्या हातांनी कौसामावशी आली. तिने शमाचा गुडघा बघितला, पायाच्या अंगठ्याने जमिनीवरची खपली उकरून बघितली आणि सरांना म्हणाली, "मास्तर, पोरी हायत का पापड?"

सर ओशाळले. मावशीने शमाला उचलून नेलं, गुडघा साध्या पाण्याने धुतला, आणि परत येऊन सांगितलं की उद्यापासून पहिलं पाणी न्या. सरांनी विचारलं, मग म्हशीला काय? ती म्हणाली, "म्हशीचं माझं मी बघंन. तुमी पोरीस्नी नीट खेळवा." आणि आम्ही ते पाणी नेलं. कुणी नको म्हणालं नाही. कर्णधार मी, म्हणजे पहिली बादली रोज माझ्या हातात.

संध्याकाळी ऊन कललं की आम्ही ते पाणी मधल्या पट्टीवर आणि खुंटांच्या भोवती हाताने शिंपडायचो. पिकासारखं सोडायचं नाही, सडा घातल्यासारखं घालायचं, असं सरांचं बजावणं. भेगाळलेली माती ते पाणी बघता बघता पिऊन टाकायची, आणि मग वर यायचा तो वास. आंबूस दुधाचा आणि ओल्या मातीचा. गावातली कुत्री मैदान चाटायला यायची, त्यांना हाकलायला एक पोरगं ठेवावं लागायचं. मुंग्या तर इतक्या झाल्या की पाटीवर बसलेल्या पोरी खो मिळायच्या आधीच उठायच्या आणि सर शिट्टी फुंकून बेजार. आमच्या अंगाला, केसांना, परकराला तोच वास लागलेला असायचा. शमाची अम्मी म्हणायची, तुम्ही खेळून येता का धारा काढून येता?

पण खेळ, काय सांगू तुम्हाला! पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या बरगड्या धरल्या, घशात रक्ताची चव आली, दोघी तिघींनी ओकाऱ्या काढल्या. सर सांगायचे, तोंड मिटा, नाकाने घ्या, वळताना सोडा. आणि मग एक दिवस काहीतरी जुळून आलं. मी साखळीतून नागमोडी पळत होते, मागे एक, पुढे एक, आणि एकाएकी लक्षात आलं की मला दम लागतच नाहीये. छाती आपली आपण चाललीये, पाय आपले आपण वळतायत, आणि हृदयाचे ठोके कानात असे खणखणीत ऐकू येतायत. आयुष्यात पुष्कळ सुखं झाली मला. लग्न, मुलगा, नोकरी, घर. पण त्या संध्याकाळचं सुख पुन्हा झालं नाही. मैदानाच्या पलीकडच्या वाटेने तेव्हाच बायका हंडे घेऊन विहिरीकडे निघालेल्या असायच्या, आणि तरीही मला सुख होत होतं.

त्या बायका थांबायच्या. काही हसायच्या, काही नुसत्या बघायच्या. एकदा एक जण दुसरीला मुद्दाम मोठ्याने म्हणाली की या पोरींना भलतंच पाणी झालंय, घामावाटे सांडायला निघाल्यात. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. कारण ती खोटं बोलत नव्हती. जी पोर पळते तिला तहान दुप्पट लागते. घरी आल्यावर मी तांब्या बुडवायची, घटाघटा प्यायची, आणि दुसऱ्यांदा बुडवला की आई माठात डोकावायची. नुसतं डोकावायची आणि झाकण ठेवायची. अंघोळीला माझ्या वाट्याला एक तांब्या आणि ओला फडका. माझ्या अंगावरचा घाम म्हणजे घरचं पाणीच आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण कळत होतं. आजही मी वाटीभर पाणी उरलं तर झाडाला घालते, आणि डॉक्टर सांगतो घाम काढा.

कौसामावशी मात्र रोज हजर. कॅन धुऊन झाले की संस्थेच्या भिंतीला टेकून, पाय पसरून, तंबाखू मळत बसायची. तिला नियम कुणी शिकवले नव्हते, बघून बघून पाठ झाले. आठ दिवसांत ती सरांना चुका सांगायला लागली, पंधरा दिवसांत शिव्या द्यायला लागली. शमा बाद नव्हती, तुमची शिट्टीच आंधळी हाय, असं ती सरांना तोंडावर म्हणायची. मी चांगली वळले की मांडीवर थाप मारायची आणि इकडंतिकडं बघायची, जणू मला तिनेच जन्माला घातलंय. एकदा मला म्हणाली की तिचं लग्न झालं तेव्हा ती झाडावर होती, खाली उतरवून हळद लावली. तेव्हापासून पळायचं राहिलंच. हे ती हसत हसत सांगत होती. पण मी पळत असताना तिच्याकडे नजर गेली की तिचा श्वास माझ्याबरोबर वर-खाली होताना दिसायचा.

चंद्रीकडे आम्ही बघत नव्हतो असं नाही. ती संस्थेच्या कोपऱ्यावरच बांधलेली असायची. बादली घेऊन मी तिच्यासमोरून जायची आणि ती वास घेऊन मान वळवायची, दाव्याला हिसका द्यायची. आधी तिची कातडी नुसती ढिली पडली, मग माकडहाड वर आलं. दूध कमी कमी होत गेलं. मावशीचं दूध घालायचं भांडं मोठ्याचं लहान झालं, मग ती नुसती किटली घेऊन यायला लागली. सगळ्याच गावाच्या म्हशी आटत होत्या, त्यामुळे हिचं काही वेगळं नाही असं आम्ही धरून चाललो. मनाची समजूत घालायला त्या वयात फार अक्कल लागत नाही.

मग मांजरसुंब्याच्या अलीकडे जनावरांची छावणी उघडली. चारा होता, पाणी होतं, पण जनावराबरोबर घरचं एक माणूस राहायला लागायचं. मावशीकडे दुसरं माणूस कुठलं? ती छावणीत गेली असती तर कॅन कोण धुणार? असं ती सगळ्यांना सांगत होती, आम्हीही ऐकलं होतं. तोवर आमच्या धारूरच्या स्पर्धा आल्या. त्या गडबडीत कोपऱ्यावर चंद्री दिसेना, तर मावशीने घरी बांधली असेल असं मी धरलं.

धारूरला आम्ही दूध संस्थेच्या टेम्पोतून गेलो, कॅन आणि पोरी एकत्र. मावशी आमच्या आधीच येऊन कॅनांच्या मध्ये बसली होती, अंगावर धुतलेलं लुगडं. किल्ल्याखालच्या मैदानात पाणी मारलेलं होतं, मऊ लोण्यासारखी जमीन, आमच्या पोरींना तर पळताना गुदगुल्याच झाल्या. आम्ही जिंकलो. मावशीने पंचाशी दोनदा भांडण काढलं, एकदा तर दोरी ओलांडून आत आली आणि शिपायाने तिला हाताला धरून बाहेर नेलं. शेवटच्या डावात मी अशी काही पळाले की मलाच माझं खरं वाटेना. बाद न होताच वेळ संपली. जिल्ह्याच्या संघासाठी तिथल्या तिथे माझं नाव पुकारलं.

परत येताना सरांनी पेढे घेतले होते. घाटात टेम्पो हळू चालला होता, आम्ही गाणी म्हणत होतो. मी एक पेढा बाजूला काढला आणि मावशीला म्हणाले, हा चंद्रीला. तिच्यामुळे जिंकलो. मावशी पेढ्यावरचा पिस्त्याचा तुकडा वेचत होती. तिने मानही वर केली नाही.

"चंद्रीला इकली की गेल्या बाजारी," ती म्हणाली. "छावणीला माणूस न्हाई माझ्याकडं. तूच खा तो."

मी खाल्ला. तेव्हा काय करायचं असतं ते माहीत नव्हतं म्हणून खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घ्यायला संस्थेत गेले, तर सेक्रेटरी कुणाशी तरी बोलत होता. छावणीच्या माणसाचं काय घेऊन बसलात, म्हणाला, धोवण तुटलं म्हणून म्हैस आटली, आटलेली म्हैस ठेवून ती बाई खाणार काय? मला बघून त्याने विषय बदलला. मी बादली तशीच ठेवली आणि घरी आले. आईला सांगितलं की डोकं दुखतंय.

म्हणजे चारा होता, छावणी होती, पण म्हैस गेली ती आमच्या पाण्यापायी. का माणूस नव्हतं म्हणूनच गेली? मावशी एक सांगत होती, सेक्रेटरी दुसरं. मावशीला जाऊन सरळ विचारावं एवढं धाडस मला झालं नाही. दूध बंद झालं तसं वर्षाच्या सभेत संस्थेने तिचं सभासदत्वही बंद केलं, कारण जो दूध घालत नाही तो सभासद नाही. दिवाळीला सगळ्या सभासदांना बोनस आणि झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला. मावशीने ते डबे ट्रकमधून उतरवून घ्यायला मदत केली आणि रिकाम्या हाताने घरी गेली. कॅन मात्र तीच धूत राहिली. धोवण आता कुणाला लागत नव्हतं, ते सगळं आमच्या मैदानाला.

मी जिल्ह्याला खेळले, मग राज्याला. सर्टिफिकिटं मिळाली, त्यांच्यावर नोकरी मिळाली. आणि नोकरी लागली त्या वर्षी मी खेळ सोडला. लोकांना सांगितलं लग्न ठरलं म्हणून, मग सांगितलं मूल झालं म्हणून. कचेरीतल्या बायकांनी संघ काढला तेव्हा गुडघा दुखतो म्हणाले. शमाचा फोन आला, तिच्या शाळेतल्या पोरींना चार दिवस शिकवायला ये म्हणून, तेव्हा सुट्टी नाही म्हणाले. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही, कारण ते ऐकायला येडपटासारखं वाटेल. मला वाटायचं, तिची म्हैस गेली ना, मग माझंही काहीतरी गेलं पाहिजे. नोकरी सोडायची हिंमत नव्हती. म्हणून जे मला सगळ्यात गोड होतं ते सोडलं. मैदानाच्या कडेने जायची वेळ आली की मी मान खाली घालून भरभर चालायची आणि मनात म्हणायची, बघ मावशी, मीही उपाशी आहे.

बाबा निवृत्त झाल्यावर घर बीडला आलं, गाव सुटलं. दर दिवाळीला मावशीला कुणाच्या तरी हाती साडी पाठवायची. लग्नकार्यात ती भेटली की वाकून पाया पडायची आणि ताट वाढायच्या निमित्ताने पसार व्हायची. ती काहीतरी बोलायला तोंड उघडायची, ते मला दिसायचं. ती चंद्रीचं काढेल या भीतीने मी कधीच थांबले नाही.

डॉक्टरकडून आल्यावर मात्र झोप लागेना. नाही म्हणाले ते सारखं टोचत राहिलं. त्या रविवारी मी एसटी धरली. मांजरसुंब्याला गाडी बराच वेळ थांबली, ढाब्यांच्या मागे टँकरची रांग लागलेली. लिंबागणेशच्या पुढे गावचा फाटा, आणि फाट्यापासून चालत. त्या एवढ्याशा चालण्यात मला दोनदा दम खायला थांबावं लागलं.

दूध संस्थेला आता रंग दिलाय, आत मोठी थंड टाकी आहे, कॅन उरलेच नाहीत. मागच्या मैदानात चिलारीची काटेरी झुडपं माजलीत. मधला पट्टा तेवढा मोकळा आहे, तिथून शेळ्या जातात. मावशी तिच्याच घराच्या ओट्यावर बसलेली होती, अंगाने अर्धी झालेली, डोळ्यांवर जाड भिंगं. मी हाक मारली तशी म्हणाली, सुनी का गं? बस. आणि पाणी आण म्हणून शेजारच्या पोरीला सांगायला लागली. मी नको म्हणाले, पिऊन आलेय. खोटंच.

इकडचं तिकडचं झालं. मग मी धीर केला. गावाची भाषा आपोआप तोंडात आली.

"मावशी, चंद्रीला कावून इकलं व्हतं?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "धोवन न्हाई म्हनून आटली. आटली म्हनून इकली. त्यात काय कावून?"

"छावणीला माणूस न्हाई म्हणालतीस."

"ते लोकास्नी सांगाया. न्हाईतर तुमास्नी पानी नेऊ दिलं असतं का त्यांनी? खोखोच्या मास्तरला गावानं हाकलला असता."

इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते ते असं ओट्यावर, दिवसाढवळ्या, एका वाक्यात पडलं. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी म्हणाले की मला कळलं होतं मावशी, सेक्रेटरी बोलताना मी ऐकलं होतं, आणि त्याचं मला इतकं लागलं की नोकरी लागल्यावर मी पुन्हा मैदानावर पाय ठेवला नाही. तुझी म्हैस गेली म्हणून मी खेळ सोडला. हे सांगताना माझ्या आवाजात थोडा, कसं सांगू, थोडा अभिमान होता. मी काहीतरी दिलंय असं मला वाटत होतं.

मावशीने चष्मा काढला. भिंगं पदराने पुसली, पुन्हा डोळ्यांवर ठेवली.

"म्हंजी म्हसपन गेली आन् खेळपन गेला," ती म्हणाली. "म्या कशापायी दिलं मग?"

ती थांबली नाही. आवाज चढवला नाही, पण थांबलीही नाही. ती म्हणाली की तुझी नोकरी लागावी म्हणून पाणी दिलं नव्हतं, नोकरीचं मला काय कळतं? तू पळायचीस ते बघायला दिलं. वाटायचं, सुट्टीत येईल, पोरी गोळा करील, पळंल, मी भिंतीला बसंन. दर सुट्टीला वाट बघितली. "तू साड्या धाडल्यास. नऊवारी बी न्हाई, पाचवारी. काय करू म्या त्यांचं?" कार्यात भेटलीस की विचारीन म्हणायचे, पोरी, खेळती का अजून? तर तू पाया पडून पळायचीस. तेवढीच पळायचीस.

मी उठले. पदर खोचला, चपला ओट्याखाली काढल्या. ती म्हणाली, काय करती गं? तिचा हात धरून तिला मैदानापर्यंत नेलं, संस्थेच्या नव्या रंगवलेल्या भिंतीच्या सावलीत बसवलं. आणि चिलारीतून मोकळ्या राहिलेल्या त्या पट्ट्यावर, तापल्या मातीत, मी पळाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जमेल तसं वळत. धूळ उडाली, पायात काटा गेला, साडी पायात आली. पलीकडच्या टोकाला पोचले तोवर डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि छाती फुटेल असं वाटत होतं. गुडघ्यांवर हात टेकून मी तिच्याकडे बघितलं.

ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा श्वास अगदी शांत चालला होता.

"गेलं गं सगळं," ती म्हणाली. रागाने नाही, कुणी गेल्याचं सांगावं तसं. आणि उठण्यासाठी भिंत चाचपायला लागली.

"बस मावशी," मी म्हणाले. मला धड बोलवत नव्हतं. "बस. जरा दम खाऊ दे. पुन्हा पळते."